परत न ठेवता काढलं तर: अवलंबी घटनांची संभाव्यता कशी काढायची

बारा सोंगट्या आहेत. चार पांढऱ्या, आठ काळ्या. तिघे जण डोळ्यांवर पट्टी बांधून आळीपाळीने एकेक सोंगटी उचलतात. ज्याच्या हाती सगळ्यात आधी पांढरी येईल तो जिंकला. तर तिघांच्या जिंकण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर किती?

डच गणिती क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५७ साली संभाव्यतेवर एक छोटी पुस्तिका छापली आणि तिच्या शेवटी वाचकांसाठी पाच प्रश्न ठेवले. त्यांतला हा दुसरा. हायगेन्स यांचं उत्तर होतं ९ : ६ : ४. त्यांच्याच देशातले दुसरे गणिती योहान्स हुडे यांचं उत्तर आलं ७७ : ५३ : ३५. गंमत म्हणजे दोघांच्याही आकडेमोडीत चूक नव्हती. हाती आलेली काळी सोंगटी पुन्हा ढिगात टाकायची की बाजूला ठेवायची, हे प्रश्नात लिहिलंच नव्हतं. हायगेन्स यांनी ती परत टाकली, हुडे यांनी बाजूला ठेवली.

हुडे यांचं उत्तर शेवटी आपणही काढू. त्यासाठी लागणारी हत्यारं मोजकीच आहेत, पण ती कुठे घसरतात हे माहीत असायला हवं.

प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा

एक घटना घडल्यामुळे दुसरीची संभाव्यता बदलत असेल तर त्या अवलंबी घटना. बदलत नसेल तर स्वतंत्र. फासा दोनदा टाकला तर पहिल्या वेळी सहा पडला याची दुसऱ्या वेळी फाशाला खबर नसते. पत्त्यांच्या जोडातून एक पत्ता काढून बाजूला ठेवला, तर मात्र उरलेला जोड ५१ पत्त्यांचाच असतो आणि त्यात काय कमी झालं यावर पुढचं सगळं ठरतं.

परीक्षेतले प्रश्न नेहमीच ‘परत न ठेवता’ असं स्पष्ट सांगत नाहीत. ‘एकदम तीन गोट्या काढल्या’, ‘१२ जणांतून ४ जणांची समिती निवडली’, ‘खोक्यातले ३ बल्ब तपासले’, ‘पाच पत्ते वाटले’ हे सगळे परत न ठेवण्याचेच प्रकार. एकच माणूस समितीत दोनदा बसू शकत नाही, एवढ्यावरून ओळखायचं. ‘एकदम’ या शब्दाने पुष्कळ जण गोंधळतात. मूठभर गोट्या एकदम काढा किंवा त्याच एकामागून एक काढून ओळीत मांडा; संभाव्यता तीच येते. आपल्या सोयीसाठी त्या एकामागून एक आल्या असं समजायचं.

प्रत्येक पायरीला दोन आकडे

पिशवीत ५ लाल आणि ३ निळ्या गोट्या आहेत, एकूण ८. दोन गोट्या परत न ठेवता काढल्या. दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती?

सूत्र आठवायच्या आधी कागदावर पिशवीची स्थिती लिहा.

सुरुवातीला: लाल ५, निळ्या ३, एकूण ८. लाल येण्याची संभाव्यता ५/८.
एक लाल गेल्यावर: लाल ४, निळ्या ३, एकूण ७. आता लाल येण्याची संभाव्यता ४/७.

दोन्ही गोष्टी घडायला हव्यात, म्हणून गुणाकार:

५/८ × ४/७ = २०/५६ = ५/१४

यालाच गुणाकाराचा नियम म्हणतात: सं(अ आणि ब) = सं(अ) × सं(ब | अ). उभ्या रेघेनंतर जे लिहिलं आहे ते घडून गेलं असं धरून काढलेली संभाव्यता, म्हणजे सशर्त संभाव्यता. पायऱ्या जास्त असतील तर साखळी वाढवायची; तिसऱ्या पायरीचा अपूर्णांक पहिल्या दोन्ही घडून गेल्या असं धरून काढायचा.

माझ्या मते या विषयातल्या निम्म्या चुका पिशवीची स्थिती लिहून काढण्याच्या कंटाळ्यातून होतात. पाठ केलेला नियम असा असतो: ‘छेद एकने कमी, अंशही एकने कमी.’ छेदाचं खरं आहे. अंशाचं तेव्हाच खरं, जेव्हा आपल्याला पुन्हा त्याच जातीची वस्तू हवी असते. ५२ पत्त्यांतून आधी राजा आणि मग राणी यायची असेल तर राजा गेल्याने राण्या कमी होत नाहीत. म्हणून

४/५२ × ४/५१ = १६/२६५२ = ४/६६३

आणि दोन्ही एक्के हवे असतील तर

४/५२ × ३/५१ = १२/२६५२ = १/२२१

पत्ता परत ठेवला असता तर दोन एक्क्यांचं उत्तर १/१६९ आलं असतं. एका पत्त्याने केवढा फरक पडला ते पाहा.

सगळ्या फांद्या काढून बघा

गोट्यांचं उदाहरण पुढे नेऊ. दोन गोट्यांच्या चार शक्यता आहेत. वृक्षाकृती काढली तर प्रत्येक फांदीच्या टोकाला हे येतं:

लाल-लाल: ५/८ × ४/७ = २०/५६
लाल-निळी: ५/८ × ३/७ = १५/५६
निळी-लाल: ३/८ × ५/७ = १५/५६
निळी-निळी: ३/८ × २/७ = ६/५६

बेरीज ५६/५६, म्हणजे १. ही बेरीज १ आली नाही तर कुठेतरी घसरलात. आणि म्हणूनच इथे अपूर्णांकांना काट मारायची घाई करू नका. छेद ५६ ठेवला तर बेरीज एका नजरेत तपासता येते. ५/१४ आणि ३/२८ असं करून ठेवलंत तर पुन्हा समच्छेद करत बसावं लागेल.

आता प्रश्न बदलू. एक लाल आणि एक निळी येण्याची संभाव्यता? घाईत उत्तर येतं १५/५६. पण ती फक्त आधी लाल, मग निळी अशी एकच फांदी झाली. प्रश्नात क्रम सांगितलेला नाही, तेव्हा दोन्ही फांद्या घ्यायच्या: ३०/५६ = १५/२८. प्रश्न वाचताना ‘पहिली’, ‘दुसरी’, ‘आधी’, ‘नंतर’ हे शब्द शोधा. त्यांनी सगळा क्रम ठरवून दिला असेल तर एक फांदी, नाहीतर जुळणाऱ्या सगळ्या फांद्यांची बेरीज.

दुसरी गोटी लाल असण्याची संभाव्यता

इथे थोडं थांबू या, कारण भल्याभल्यांची गाडी इथे अडते. पहिली गोटी काढली, पण पाहिली नाही. तशीच मुठीत ठेवली. आता दुसरी लाल येण्याची संभाव्यता किती?

‘पहिली कोणती ते माहीतच नाही, मग सांगणार कसं?’ हा पहिला प्रतिसाद. ‘एक गोटी कमी झाली, म्हणजे छेद ७ असणार’ हा दुसरा. फांद्यांकडे बघा. दुसरी लाल असलेल्या फांद्या दोन: लाल-लाल आणि निळी-लाल.

२०/५६ + १५/५६ = ३५/५६ = ५/८

पहिल्या गोटीची जेवढी होती तेवढीच! हा योगायोग नाही. आठही गोट्या न बघता एका ओळीत मांडल्या आहेत अशी कल्पना करा. पहिल्या जागेवर लाल असण्याची शक्यता जेवढी, तेवढीच चौथ्या किंवा आठव्या जागेवर असण्याची. कोणत्याही जागेचा लाल रंगावर जास्त हक्क नसतो.

मग या घटना अवलंबी कशा? अवलंबन येतं ते पहिल्या गोटीबद्दल काहीतरी कळल्यावर. ती लाल होती असं कळलं की दुसरीची संभाव्यता ४/७ होते. निळी होती असं कळलं की ५/७. काहीच कळलं नाही तर ५/८. पिशवीतून गोटी बाहेर आली एवढ्याने आकडा बदलत नाही, तिचा रंग कळल्याने बदलतो.

हे पटलं की उलटा प्रश्नही सोपा होतो. दुसरी गोटी लाल निघाली असं दाखवलं, पहिली अजून मुठीत आहे. ती लाल असण्याची संभाव्यता? दुसरी लाल असण्याचे एकूण ५६ पैकी ३५ भाग. त्यांतले २० भाग लाल-लालचे. म्हणून २०/३५ = ४/७. ‘आधी घडलेल्या गोष्टीवर नंतरच्या गोष्टीचा परिणाम कसा होईल?’ परिणाम झालेलाच नाही. आपली माहिती वाढली, म्हणून आपला अंदाज बदलला. एक लाल गोटी डोळ्यासमोर आहे, तेव्हा मुठीतली गोटी उरलेल्या सातांतलीच एक आणि त्या सातांत लाल चार. असं पाहिलं तर हिशेब करायचीही गरज उरत नाही.

याच तत्त्वावर चिठ्ठ्या टाकणं न्याय्य ठरतं. सहा चिठ्ठ्यांतल्या एकीवर खूण आहे आणि सहा जण एकेक उचलतात. तिसऱ्याला खुणेची चिठ्ठी येण्याची संभाव्यता:

५/६ × ४/५ × १/४ = १/६

तिरकी काटाकाट होऊन सगळं गळून पडतं. आधी उचलणाऱ्याला फायदा नाही, शेवटच्याला तोटा नाही. मात्र प्रत्येकाने चिठ्ठी उचलताच उघडून दाखवली आणि खूण निघतच नसेल, तर शेवटच्या माणसाच्या जिवाची घालमेल आकड्यांसकट बघता येते: १/६, १/५, १/४, वाढतच जातं.

सहा किल्ल्यांतून एक लागणारी शोधतानाही हेच. लागली नाही ती बाजूला ठेवत गेलात तर कोणत्याही प्रयत्नात कुलूप उघडण्याची संभाव्यता १/६, आणि सरासरी साडेतीन प्रयत्न. न लागलेली किल्ली पुन्हा त्याच जुडग्यात मिसळत राहिलात तर सरासरी प्रयत्न सहा.

‘किमान एक’ दिसलं की उलटं मोजा

खोक्यात २० बल्ब आहेत, त्यांत ४ सदोष. ३ बल्ब उचलून तपासले. किमान एक सदोष सापडण्याची संभाव्यता किती?

सरळ मार्गाने गेलात तर एक सदोष, दोन सदोष, तीन सदोष, शिवाय त्यांचे क्रम, असं सगळं मोजावं लागेल. पूरक घटना, म्हणजे नेमकी उलटी घटना, एकच आहे: एकही सदोष नाही.

१६/२० × १५/१९ × १४/१८ = ३३६०/६८४० = २८/५७

म्हणून किमान एक सदोष: १ − २८/५७ = २९/५७, म्हणजे सुमारे ०.५०९.

तपासलेला बल्ब परत ठेवून काढला असता तर? १ − (०.८)³ = ०.४८८. परत न ठेवता सदोष सापडण्याची शक्यता थोडी जास्त, कारण प्रत्येक चांगला बल्ब बाजूला गेला की उरलेल्यांत सदोष बल्बांचा वाटा वाढत जातो.

साठा मोठा असेल तर हा फरक विरून जातो. २०,००० बल्बांत ४,००० सदोष असतील तर परत न ठेवता ३ काढूनही उत्तर ०.४८८०२ च्या आसपास येतं. म्हणून नमुना एकूण साठ्याच्या पाच टक्क्यांहून लहान असेल तर बहुतेक लोक घटना स्वतंत्र धरून मोकळे होतात. काही जण ही मर्यादा दहा टक्क्यांपर्यंत नेतात. व्यवहारात ठीक आहे. परीक्षेत मात्र २० बल्बांच्या खोक्याला ही सवलत लावू नका.

नेमके इतकेच हवे असतील तर

पुन्हा पिशवी: ५ लाल, ३ निळ्या. आता चार गोट्या काढल्या. नेमक्या दोन लाल येण्याची संभाव्यता?

एक क्रम घ्या, लाल-लाल-निळी-निळी:

५/८ × ४/७ × ३/६ × २/५ = १२०/१६८०

आता दुसरा एखादा क्रम करून बघा, समजा निळी-लाल-निळी-लाल: ३/८ × ५/७ × २/६ × ४/५. अंशांची जागा बदलली, गुणाकार तोच राहिला, १२०/१६८०. हे नेहमीच होतं, म्हणून एका क्रमाचा हिशेब करून क्रमांच्या संख्येने गुणलं की झालं. चार जागांपैकी दोन जागा लाल गोट्यांसाठी निवडण्याचे प्रकार ६. म्हणून ६ × १२०/१६८० = ७२०/१६८० = ३/७.

दुसरी वाट निवडींच्या संख्येची. ५ लालमधून २ निवडण्याचे प्रकार १०, ३ निळ्यांतून २ निवडण्याचे ३, आणि ८ मधून ४ निवडण्याचे एकूण ७०.

(१० × ३) / ७० = ३०/७० = ३/७

मला विचाराल तर दोन-तीन वस्तूंपर्यंत फांद्यांची पद्धत बरी, कारण काय चाललंय ते दिसतं. त्यापुढे निवडींची पद्धत. आणि वेळ असेल तर दोन्ही करून पाहा. उत्तरं जुळली की निर्धास्त. फक्त दोन्हींची खिचडी करू नका. निवडींच्या पद्धतीत क्रम आधीच बाजूला काढलेला असतो, तिथे पुन्हा ६ ने गुणलंत तर १ पेक्षा मोठी संभाव्यता हाती येईल.

रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली मांडलेला चहाचा प्रसिद्ध प्रयोग याच हिशेबावर उभा आहे. एका बाईंचा दावा असा की कपात दूध आधी घातलं की चहा, हे त्यांना चवीवरून कळतं. आठ कप ठेवायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि त्यांनी ‘दूध आधी’चे चार कप ओळखायचे. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची संभाव्यता ४/८ × ३/७ × २/६ × १/५ = १/७०. नेमके तीन बरोबर येण्याची? चार योग्य कपांतून तीन, चार अयोग्य कपांतून एक: ४ × ४ = १६, म्हणजे १६/७०. साधारण साडेचार खेपांत एकदा नशिबानेही जमण्यासारखं. म्हणून एकही चूक झाली तर दाव्याला फारसं वजन उरत नाही.

पहिली वस्तू कोणतीही चालत असेल तर

दोन पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे दोन्ही इस्पिक किंवा दोन्ही बदाम वगैरे, येण्याची संभाव्यता काढताना चारही रंगांचा वेगळा हिशेब करून बेरीज करणारे बरेच आहेत. चूक नाही, पण मेहनत वाया. पहिला पत्ता कोणताही येऊ दे. उरलेल्या ५१ मध्ये त्याच्या रंगाचे १२. उत्तर १२/५१ = ४/१७. झालं.

उत्तर पटत नसेल तर संगणकाकडून पडताळून घ्या. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या ‘रँडम’ मॉड्यूलमध्ये ‘सॅम्पल’ हे फंक्शन परत न ठेवता निवडतं आणि ‘चॉइसेस’ परत ठेवून. लाखभर वेळा निवड करून टक्केवारी काढली की आपल्या उत्तराच्या अगदी जवळचा आकडा दिसतो. फंक्शन चुकीचं घेतलंत तर अर्थातच दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर मिळेल, हायगेन्स आणि हुडे यांच्यासारखं.

आता त्या बारा सोंगट्या

काळी सोंगटी बाजूला ठेवायची, असं धरू. पहिली पांढरी कितव्या खेपेला येते, त्याची संभाव्यता काढायची.

पहिल्या खेपेला: ४/१२
दुसऱ्या खेपेला: ८/१२ × ४/११
तिसऱ्या खेपेला: ८/१२ × ७/११ × ४/१०

आणि असंच पुढे. आठ काळ्या संपल्यावर नववी पांढरीच असणार, म्हणून यादी नऊवर थांबते. सगळ्यांचा छेद ४९५ केला तर अंश असे येतात:

१६५, १२०, ८४, ५६, ३५, २०, १०, ४, १

बेरीज ४९५, म्हणजे हिशेब बरोबर. पहिला खेळाडू पहिल्या, चौथ्या आणि सातव्या खेपेला उचलतो: १६५ + ५६ + १० = २३१. दुसरा दुसऱ्या, पाचव्या, आठव्या: १२० + ३५ + ४ = १५९. तिसरा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या: ८४ + २० + १ = १०५. तिन्हींना ३ ने भागा: ७७ : ५३ : ३५. हुडे यांचंच उत्तर.

सोंगटी परत टाकली तर प्रत्येक खेपेला पांढरीची संभाव्यता १/३ राहते. पहिल्या फेरीत तिघांच्या वाट्याला १/३, २/९, ४/२७ येतं आणि पुढची प्रत्येक फेरी याच प्रमाणात लहान होत जाते, म्हणून ९ : ६ : ४. टक्क्यांत बघितलं तर पहिल्या खेळाडूचा वाटा परत टाकून ४७.४, परत न टाकता ४६.७. फरक थोडा, पण उत्तरं वेगळी.

याकोब बर्नुली यांनी या प्रश्नाचा तिसराही अर्थ लावून पाहिला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ साली छापून आला. त्यात तिघांपुढे प्रत्येकी स्वतःच्या बारा सोंगट्यांचा वेगळा ढीग असतो आणि उचललेली कुणी परत टाकत नाही. हा हिशेब तुम्ही करून बघा. पहिल्या फेरीत तिघांनाही आपापल्या पाळीला पांढरीची संभाव्यता ४/१२. तिघांच्याही काळ्या निघाल्या तर दुसऱ्या फेरीत प्रत्येकाची ४/११, मग ४/१०. नवव्या फेरीला पहिल्या खेळाडूच्या ढिगात फक्त पांढऱ्याच उरलेल्या असतात, त्यामुळे खेळ पंचविसाव्या उचलीपुढे कधीच जात नाही.